सुरगाण्याचा पाहुणचार

पाहुणा आणि यजमान यांच्या नात्यासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत, आणि दोहोंचा रोख वेगळा आहे. ‘मेजवानी’ हा शब्द फारसीतून आला. ‘मेजबान’ म्हणजे यजमान, आणि मेजवानी म्हणजे त्याने केलेला थाट. ‘पाहुणचार’ या शब्दात मात्र पाहुणा आधी उभा आहे. पहिल्या शब्दाचा इतिहास लिहिणे सोपे, कारण थाटाची कागदपत्रे उरतात. पेशव्यांच्या पंगतींच्या याद्या उरल्या, संस्थानिकांच्या मेजावरच्या चांदीच्या ताटांची मोजदाद उरली. पुढे छापखाना आल्यावर पाकशास्त्राची पुस्तके निघू लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. म्हणजे ज्या साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच साली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचे. शहरातल्या सुशिक्षित गृहिणीने पाहुण्यांपुढे काय ठेवावे, याची चर्चा अशी शतकाहून अधिक काळ छापील स्वरूपात चालू आहे. ज्या घरात वर्षातले काही महिने धान्याची कणगी रिकामी असते, त्या घराच्या पाहुणचाराला इतिहास आहे काय, हा प्रश्न तिच्यात सहसा आला नाही. या व्याख्यानात तोच घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या सुरगाण्याकडे जावयाचे आहे.

सुरगाणा हे पूर्वी एक लहान संस्थान होते. क्षेत्र सुमारे ३६० चौरस मैल, सत्ता देशमुख घराण्याकडे, आणि पश्चिमेस व उत्तरेस डांगचे अरण्य. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि नाशिक जिल्ह्याचा तालुका बनले. वस्ती मुख्यत्वे कोकणा, वारली आणि महादेव कोळी या जमातींची. हातगडचा किल्ला याच तालुक्यात. नार आणि पार या नद्यांचे उगम याच डोंगरांत. पाऊस येथे दणकून पडतो, परंतु त्याचे पाणी उतारावरून पश्चिमेला गुजरातेत निघून जाते, आणि चैत्र-वैशाखात याच डोंगरांतल्या बायका हंडा घेऊन दूरच्या झऱ्याची वाट चालतात. आपण शहरातली माणसे ज्या दिवसांत संध्याकाळच्या वाऱ्यात व्याख्याने ऐकावयास बसतो, ते हेच दिवस. तेव्हा सुरगाण्याच्या पाहुणचाराचे पहिले पेय कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागेल : पाणी. वैशाखात दारी आलेल्याच्या हाती दिलेला तांब्या हा कोणाच्या तरी डोक्यावरून चढ चढून आलेला असतो. ज्याला ‘साधा’ पाहुणचार म्हणावयाचे, त्याची किंमत येथून मोजावी.

घराकडे पाहू. कारवीच्या किंवा बांबूच्या काड्यांचा कूड, त्यावर माती आणि शेण यांचे लिंपण, वर पूर्वी गवताचे किंवा सागाच्या पानांचे छप्पर आणि पुढे कौले. अशा घरात सजावटीची वस्तू म्हणून वेगळी वस्तू नसते. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली धान्याची कणगी हीच घराची मोठी शोभा. ती भरलेली असली की आल्यागेल्याच्या नजरेला पडावी अशीच उभी असते. एकावर एक रचलेली मडक्यांची उतरंड, आढ्याला टांगलेले इरले, कुडाला खोवलेले सूप, चुलीवरच्या धुराने काळ्या झालेल्या वाशांना बांधलेली मक्याची बियाण्याची कणसे, ही सारी रोजच्या कामाची चीज. पाहुणा यावयाचा असला की एकच खास गोष्ट होते, ती म्हणजे सारवण. ताज्या सारवलेल्या अंगणाचा ओला वास हा येथला निमंत्रणाचा वास आहे. आंब्याच्या पानांचे तोरण सणावारी आणि लग्नकार्यी.

चित्रांचा प्रकार याहून गंभीर. डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांमध्ये लग्नघराच्या भिंतीवर गेरूच्या लाल जमिनीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहिला जातो. तो सवाशिणींनी लिहावयाचा असतो, आणि त्यात पालघाट देवीची स्थापना असते. चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. आपण त्याला सजावट म्हणतो हा आपल्या भाषेचा अपुरेपणा. वारल्यांच्या दृष्टीने ते देवीला दिलेले आसन आहे. म्हणजे त्या घरात पहिली पाहुणी देवी, आणि माणसे तिच्यामागून. पुढे १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या माणसाने ही कला कागदावर आणविली, जिव्या सोमा मशे यांचे नाव देशाबाहेर गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे पुरुष होते, आणि लग्नाच्या चौकाबाहेर, मनाला येईल तेव्हा चित्रे काढीत. बायकांच्या हातातले व्रत असे पुरुषांच्या हातातला व्यवसाय झाले. आज त्या पांढऱ्या त्रिकोणी माणसांच्या रांगा मुंबईच्या उपाहारगृहांच्या भिंतींवर, चहाच्या पेल्यांवर आणि पडद्यांवर नाचताना दिसतात. त्यात वाईट काही नाही. कलावंताला पैसा मिळाला. परंतु त्या भिंतीखाली जेवणाऱ्यास देवीच्या आसनाखाली आपण बसलो आहोत याची कल्पना नसते, एवढे नमूद करावेसे वाटते.

आता अन्न. डोंगरउतारावर राब भाजून नागलीचे रोप तयार करावयाचे आणि पावसात ते उपटून लावावयाचे, ही येथली शेती. नागलीच्या जोडीला वरई, उडीद आणि खुरासणी. सखल, पाणथळ जागी भात. नागलीचा दाणा मोहरीएवढा, पण वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यास सहसा कीड लागत नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम चुना असतो, हे आहारशास्त्रज्ञांनी पुढे मोजले. कोकणा बाईस ते ठाऊक नव्हते, पण नागली खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही हे तिला पक्के ठाऊक होते. पाण्याचा हात लावून तळव्यावर थापलेली काळसर तांबडी भाकरी, उडदाची घट्ट आमटी, आणि भाजलेली खुरासणी मिरची-लसणाबरोबर वाटून केलेली चटणी : एवढ्यात ताट पुरे झाले. पावसाळ्यात रानभाज्यांची भर पडते. शेवळे आणि करटुली ही तर शहराच्या बाजारातही आता ओळखीची झाली आहेत. बांबूचे कोवळे कोंब आणि ओढ्यातले खेकडे ही डोंगरातली मेजवानी. बोंबील, सुकट कोकणातून घाट चढून येतात आणि पाहुणा आला की मडक्यातून बाहेर निघतात. वाढावयास पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. ज्याने टाचल्या त्याचेच कौशल्य, आणि जेवण झाल्यावर भांडी घासण्याची चिंता नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. नागली रोजची, आणि पाहुण्यापुढे मात्र होता होईतो भात. जवळ जे श्रेष्ठ ते आलेल्याला द्यावे हा पाहुणचाराचा नियम सर्वत्र आहे. परंतु श्रेष्ठ कोणते हे कोण ठरवितो? घाटावरच्या सावकाराच्या आणि कचेरीतल्या कारकुनाच्या ताटात भात होता, म्हणून भाताला मान. १९६५ नंतर शिधापत्रिकेचा आणि २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर तीन रुपये किलोचा तांदूळ डोंगरात पोहोचला, आणि सणाचा भात रोजचा झाला. मग १० वर्षांनी, म्हणजे २०२३ साली, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार भरड धान्यांचे वर्ष जगभर साजरे झाले आणि शहरातले पाहुणे नागलीची भाकरी मागून खाऊ लागले. ज्या धान्याची यजमानाला लाज वाटावी असे आपण दोन पिढ्या वागलो, तेच आता त्याने कौतुकाने वाढावे असा आपला आग्रह आहे.

त्या धान्याला डोंगरात मात्र कधीच कोणी हीन मानले नव्हते. कणसरी ही तेथली धान्याची देवी. काशाच्या थाळीला मेणाने एक काडी चिकटवून ती ओल्या बोटांनी ओढीत राहिले की एक अखंड, गुणगुणता सूर निघतो. त्या सुरावर कणसरीची कथा रात्रभर सांगितली जाते. माणसांनी धान्याचा अपमान केला की कणसरी निघून जाते आणि दुष्काळ पडतो, असा त्या कथेचा गाभा. खळ्यावर जमलेल्या सोयऱ्यांची करमणूक आणि देवीची पूजा येथे एकाच थाळीवर होते. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला गुराखी पोरे घरोघर हिंडून धान्य गोळा करतात आणि वाघदेवाची पूजा करून रानातच स्वयंपाक करतात. त्या जेवणात यजमान कोणीच नसतो, किंवा सारा गाव असतो.

येथवरचा भाग कोणासही गोड वाटेल. आता मोहाकडे वळले पाहिजे, आणि तेथे इतिहास कडू होतो.

फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले आपोआप गळून पडतात. बायका-पोरे झुंजूमुंजू होताच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते. म्हणून ते उकडून, तिळाबरोबर कुटून, पिठात मिसळून खाल्ले जाते. नागली संपल्यावरच्या महिन्यांत या फुलांनी कित्येक घरे तगविली आहेत. आणि म्हणूनच ते पाण्यात भिजत घातले की काही दिवसांत आंबते. मग चूल, तिच्यावर मडके, मडक्यावर दुसरे भांडे, वर गार पाणी, आणि नळीतून ठिबकणारा अर्क. ‘पहिल्या धारेची’ हा आपल्या बोलण्यातला प्रयोग याच भट्टीवरून आला. सभ्य घरांतही तो हसत वापरला जातो.

ही दारू डोंगरातल्या पाहुणचाराचा कणा होती. सोयरिकीची बोलणी ठरली की ती वाटली जाई, आणि वाटली की बोलणी पक्की. कागदाचे काम पेला करी. तंटा मिटला तर दोन्ही पक्ष एकत्र पीत. पिण्यापूर्वी चार थेंब जमिनीवर सांडून पूर्वजांना त्यांचा वाटा देत. गेलेल्यांनाही पंगतीत धरणारी ही रीत आहे. तिने माणसे उद्ध्वस्तही केली, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नवऱ्याच्या पेल्याचा हिशेब शेवटी बायकोच्या पाठीवर होतो, हे डोंगरात आणि शहरात सारखेच खरे आहे. परंतु घरची फुले, घरचे मडके आणि घरचा पाहुणा एवढ्या वर्तुळात ती होती तोवर तिला रोख पैसा लागत नव्हता.

ते वर्तुळ सरकारने तोडले. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. योगायोग असा की शेजारचे पेठ संस्थान त्याच साली बेगमेच्या मृत्यूनंतर ब्रिटिश मुलखात जमा झाले. कायद्याचा हेतू साधा होता : दारू सरकारमान्य भट्टीत गाळावी, मक्तेदाराच्या दुकानात विकावी आणि कर सरकारजमा व्हावा. उरण येथे पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्या. दूरच्या पंचमहालातून आलेल्या मोहाची दारू तेथे गाळली जाई. म्हणजे अंगणात मोहाचे झाड असलेल्या माणसाने त्याच फुलाची दारू पैसे मोजून विकत घ्यावी. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी तर फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. जे फूल उपासमारीत अन्न होते, ते घरात सापडले तर पुरावा ठरू लागले. अबकारी शिपायाची नजर थेट उतरंडीवर. सोयरिकीला दारू तर हवीच. मग ती दुकानातून, उधारीवर, आणि उधारी फेडण्यासाठी सावकाराच्या शेतावर वेठ. पाहुणचारातून कर्ज निर्माण होण्याची ही रीत सरकारी महसुलाच्या आकड्यांत दिसत नाही, पण तो महसूल यातूनच उभा राहिला होता.

आणि मग १९२२ साली असे काही घडले की ज्याचा उलगडा अधिकाऱ्यांना होईना. पालघरच्या किनाऱ्याकडून एका देवीची वार्ता निघाली आणि गावोगाव पसरत सह्याद्रीच्या या डोंगरांतून डांगात, आणि तेथून सुरत जिल्ह्याच्या पूर्व भागात गेली. काही जण तिला सलाबाई म्हणत. मांडव घालीत, माणसांच्या अंगात वारे येई, आणि त्यांच्या तोंडून देवी आज्ञा देई : दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. गावेच्या गावे जमून ऐकत. लोकांनी कोंबड्या-बकरी विकून टाकली किंवा रानात सोडून दिली, मडकी फोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, आणि तिचे मर्म त्यांनी नेमके पकडले आहे : हे वरून आलेले समाजसुधारणेचे काम नव्हते, आदिवासींनी स्वतः, आपल्याच देवीच्या तोंडून, ज्या वस्तूने त्यांना दुकानदाराशी बांधले होते ती वस्तू टाकून दिली होती. गांधींचे नाव त्यात मागाहून मिसळले.

पाहुणचाराच्या दृष्टीने या प्रसंगाकडे कोणी फारसे पाहिलेले नाही, म्हणून थोडे थांबतो. ज्या समाजात सोयरिकीचा शिक्का दारूनेच लागे आणि पाहुण्यासाठी कोंबडे कापणे हाच मान, त्या समाजाने एका हंगामात दोन्ही सोडावयाचे ठरविले, तर आलेल्यापुढे ठेवावयाचे काय? देवीच्या मांडवात जमलेले शेकडो लोक एकमेकांचे पाहुणेच होते. उत्तर तिच्या आज्ञेतच होते : स्नान केलेले अंग आणि सारवलेले अंगण. थाट वजा झाला, आणि आदर शिल्लक राहिला. बहुतेक ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत लोक पुन्हा पिऊ लागले, हे खरे. त्यावरून चळवळ फसली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. काय प्यावे आणि काय वाढावे हे आपणच ठरवू शकतो, याचा अनुभव एकदा घेतला की तो विसरला जात नाही.

सरकारने मात्र पुन्हा तो अधिकार आपल्याकडे घेतला, या वेळी उलट्या दिशेने. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा १९५० साली राज्यभर अमलात आला. सुरगाणा नुकताच, १९४८ साली, राज्यात आला होता; म्हणजे नव्या नागरिकत्वाबरोबर दोन वर्षांत दारूबंदीही आली. इंग्रज म्हणत, आमच्या दुकानातून घ्या. स्वराज्य म्हणाले, कोठूनच घेऊ नका. हेतू निराळे, एक महसुलाचा आणि एक लोककल्याणाचा, आणि मी त्या दोहोंना एका तागडीत घालणार नाही. तथापि उतरंडीपाशी येणारा शिपाई दोन्ही वेळा तोच होता. १ मे १९६० रोजी राज्याचे दोन भाग झाले. डांग कोणाचा हा वाद मिटून डांग गुजरातेत गेला, आणि सुरगाणा सीमेवरचा तालुका झाला. दोन्ही राज्यांना वारशात तोच कायदा मिळाला. महाराष्ट्राने तो पुढे सैल केला, गुजरातने ठेवला. सोयरिकी मात्र सीमा पाहून झालेल्या नव्हत्या. बहीण डांगात, भाऊ सुरगाण्यात. एकाच कुळाच्या दोन अंगणांना दोन कायदे.

या साऱ्या कायद्यांनी जे साधले नाही ते एका पाल्याने पुष्कळ अंशी साधले. चहाच्या मळेवाल्यांच्या मंडळाने १९३०च्या दशकात देशभर गावोगाव, बाजारांत आणि जत्रांत चहाचा प्रचार चालविला. डोंगरात तो हळूहळू चढला. दूध नसले तरी अडत नाही. गुळाचा कोरा चहा. तो लगेच होतो, त्याला शिपायाची भीती नाही, आणि पाहुण्याला बसवून ठेवण्याचे काम तोही करतो. दारूची जागा त्याने सोयरिकीत पुरती घेतली नाही, पण रोजच्या ये-जा करणाऱ्याच्या पाहुणचारात घेतली. सुधारकांनी चहालाही एके काळी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत; सुरगाण्यापुरते तरी त्याचे थोडे ऋण मानावयास हरकत नसावी.

मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील बंधने उठविली. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या फुलावर पुरावा म्हणून बोट ठेवले गेले होते, ते पुन्हा फूल झाले. घरी दारू गाळण्याची मुभा त्यात नाही. इकडे मोठ्या शहरांतल्या मद्यगृहांत मोहाचा अर्क लिंबू, मध आणि बर्फ यांत मिसळून उंच पेल्यात, वारली चित्रांच्या भिंतीखाली दिला जातो, आणि ते कायदेशीर आहे. सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरगावच्या आसपास सुरगाण्याचे शेतकरी हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडून बसतात. मोटारी थांबतात, पाहुणे येतात, भाव करतात आणि जातात.

मार्च २०१८ मध्ये हीच माणसे पाहुणी म्हणून निघाली. वनजमिनीचे हक्क आणि इतर मागण्या घेऊन ६ मार्चला नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात सुरगाण्याचे लोक फार मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर ते पायी चालले, कित्येक अनवाणी. धान्य आणि भांडी त्यांनी बरोबर घेतली होती. मुक्कामावर चुली मांडून स्वयंपाक होई. ११ तारखेस ते मुंबईत सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी मुंबईत शालान्त परीक्षेचा पेपर होता. मुलांना सकाळी रस्ता मोकळा मिळावा म्हणून थकलेली माणसे त्या रात्रीच उठली आणि अंधारात आझाद मैदानापर्यंत चालत गेली. वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटे, जेवण आणि चपला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. १२ तारखेस सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या, आणि संध्याकाळी परतीच्या गाड्यांत बसताना त्यांची रिकामी भांडी पुन्हा त्यांच्या डोक्यावर होती.